उजवीकडची कोरी जागा

“काकू, तुम्ही काहीच लिहिलं नाही का हो?” झेरॉक्सवालीने विचारलं आणि मशीनमधून निघालेलं पहिलं कोमट पान काउंटरवर सरकवलं. विचारण्यात खोच नव्हती. पानाची अर्धी बाजू मशीनने खाल्ली की मुळातच रिकामी आहे, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, नाहीतर सगळी पानं पुन्हा काढायला लागली असती. बसस्थानकावरच्या अनाउन्सरबाईने चष्मा लावला. पानावर डावीकडे एकाखाली एक करड्या चौकटी होत्या आणि त्यांत तिच्या गेलेल्या नवऱ्याचे मेसेज. ‘उठलीस का.’ ‘पाणी तापलं.’ ‘माझा पाना कुठे ठेवलास.’ ‘परत विचारतो, पाना कुठे.’ आणि उजवीकडे, जिथे तिने लिहिलेलं यायला हवं, तिथे वरपासून खालपर्यंत पांढरं. तिने पान उलटून मागचंही बघितलं. कारण हे सगळं बोलणं तिच्या डोक्यात होतं ते दोघांचं होतं, चांगलं तोंडाला तोंड देऊन झालेलं. त्या पान्याच्या वेळी ती तणतणली होती, ‘मला काय विचारता, मी काय पान्याने केस विंचरते?’ आणि तो खांदे हलवून हसला होता. घशाच्या ऑपरेशनानंतर त्याचं हसणं तेवढं खांद्यांत उरलं होतं. यातलं कागदावर काय आलं? एक माणूस विचारतोय, पुन्हा विचारतोय, आणि समोरून कोणी हू का चू करत नाही. “मशीनने खाल्लं नाही,” ती म्हणाली. “मी तोंडाने बोलायचे.” झेरॉक्सवालीने “अच्छा” म्हटलं. गिऱ्हाईक जे सांगेल त्याला ती ‘अच्छा’च म्हणत असणार, पण अनाउन्सरबाईला ते झोंबलं.

“मग दुसऱ्या पद्धतीने काढू या ना,” झेरॉक्सवाली म्हणाली. “अख्खं चॅट एका फाइलमध्ये घ्यायचं, मला मेल करायचं, सलग छापून येतं. थोडक्या कागदांत काम. हे एकेक स्क्रीनशॉट काढून छापलंत तर गठ्ठा होईल, आणि निम्मा कागद कोरा.” तिने फोन मागून घेतला, कुठे कुठे बोटं लावली आणि नमुन्याचं एक पान काढून दाखवलंही. त्यावर चौकटी नव्हत्या. तारीख, वेळ, मग ‘लिफ्टवाले’ (नवऱ्याचा नंबर तिने याच नावाने ठेवला होता, तो लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणून) आणि मग त्याचे शब्द. पुढची ओळ पुन्हा तारीख, वेळ, लिफ्टवाले. ओळीला ओळ खेटून. त्याने पाना मागितला, परत मागितला आणि लगेच खाली ‘जाऊ दे सापडला’. मधे तिने जे काय तोंड सोडलं होतं त्याला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. पहिल्या पानावर निदान कोणीतरी नाही हे दिसत तरी होतं. इथे तर कोणी असायचंच नव्हतं असं वाटत होतं. “नको,” ती म्हणाली. “आधीसारखंच काढ.” “अहो पण काकू, कोरं किती जाईल...” “कोरं येऊ दे. कोऱ्याचेही पैसे घे.” झेरॉक्सवालीने खांदे उडवले आणि मशीन चालू केलं. अनाउन्सरबाई स्टुलावर बसून राहिली आणि एकेक पान बाहेर पडताना बघत राहिली. आपण एवढं का पेटलो, हे तिला त्या घडीला सांगता आलं नसतं.

हा छापण्याचा उपद्व्याप मुळात फोनमुळे सुरू झाला. फोनचं पोट फुगलं होतं. बॅटरी आहे, कधीही जाईल, असं रिपेअरवाला म्हणाला, आणि मेलेला उंदीर उचलावा तसा फोन दोन बोटांत धरून त्याने परत दिला. मुलगा म्हणाला, “आई, टेन्शन घेऊ नकोस, सगळं क्लाउडवर आहे. नवीन फोन घेऊ, सगळं जसंच्या तसं येईल.” ती म्हणाली, “तुझ्या लॅपटॉपवरही होतं.” त्याला बोचेल हे तिला माहीत होतं आणि बोचावं म्हणूनच ती बोलली. ऑपरेशनाच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, स्वरयंत्र काढावं लागणार, तेव्हा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पुढे तेवढाच. मग एका दुपारी मुलाने बापाला खुर्चीत बसवलं आणि काहीतरी बोला म्हणाला. काहीतरी बोला म्हटल्यावर माणूस काय बोलणार? त्याने लिफ्टची तपासणी कशी करायची ते सांगितलं. दोर, पुली, दाराचे रूळ, मग आतला पंखा. मधे तिने स्वयंपाकघरातून विचारलं, चहा टाकू का, तर ‘टाक की’ म्हणाला. तेवढं ‘टाक की’ आत्ता कोणी ऐकवलं असतं तर तिने काय नसतं दिलं! लॅपटॉप बिघडला, दुरुस्त होऊन आला तेव्हा कोरा करकरीत होऊन आला. मुलगा लहान मुलासारखा रडला होता. तिने त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मनातून आजवर माफ केलं नव्हतं. तेव्हा आता ढगात कुठे काय ठेवलंय यावर ती विसंबणार नव्हती. कागद हातात घेता येतो. कागदावर पाणी सांडलं तरी ते डोळ्यांदेखत सांडतं.

ऑपरेशननंतर दवाखान्याने त्याला एक यंत्र दिलं, गळ्याला टेकवून बोलायचं. घरी आल्यावर त्याने ते एकदा टेकवलं आणि तिला हाक मारली. खोलीभर एक घरघर झाली, पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तशी, आणि त्या घरघरीत कुठेतरी तिचं नाव होतं. मग त्याने यंत्र खोक्यात घातलं, खोकं कपाटावर टाकलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. पाटी-पेन्सिल झाली, वही झाली, पण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही. शेवटी मुलाने फोन दिला. एकाच पलंगावर बसून, गुडघ्याला गुडघा लावून त्याने पहिला मेसेज पाठवला. ‘आला का.’ जाड बोट, एकेक अक्षर शोधून दाबायचं. चुकलं तर चुकलं, मागे वळून दुरुस्त करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तिलाही वाटलं, आपणही असंच करावं, बरोबरीने. माणूस मुका झाला, त्याच्यापुढे आपण आवाज कशाला काढावा! म्हणून तिनेही अक्षरं शोधून शोधून लिहिलं, ‘बरं.’ फोन वाजला, त्याने वाचलं, आणि त्याच्या कपाळावरची शीर टरारून फुगली. लगेच तीन मेसेज आले, एकामागोमाग एक. ‘तू का लिहितेस.’ ‘तुझा घसा शाबूत आहे.’ ‘तू बोल.’ त्या ‘बरं’नंतर तिने त्याला कधी लिहिलं नाही. अख्ख्या गठ्ठ्यात उजवीकडे तेवढा एकच शब्द होता. झेरॉक्सवालीने तो बघितला असेल तर तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

तिचं काम बोलण्याचंच. बसस्थानकाच्या कोपऱ्यात काचेची एक खोली, त्यात टेबल, माइक, वेळापत्रक आणि एक कुरकुरणारा पंखा. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती सुटते आहे, कोणती उशिरा येणार आहे, कुणाचं पोर हरवलं आहे. तिच्या आवाजावर माणसं धावतात, बसतात, निघून जातात, आणि तो आवाज कोणी बरोबर घेऊन जात नाही. नवरा तिला भोंगा म्हणायचा, लग्न झाल्यापासून. ‘भोंगा आला’, ‘भोंगा झोपला वाटतं.’ घशाचं झाल्यावर लिहायलाही लागला, ‘भोंगा चहा.’ दिवसभर बोलून बोलून घरी आल्यावर तिचे ओठ शिवल्यासारखे व्हायचे. तिला वाटायचं, आता तासभर कोणी काही विचारू नये. आणि तो दिवसभर एकटा भिंतीकडे बघून बसलेला. तिने चपला काढल्या की फोन वाजायचा. ‘बोल.’ ती हातपाय धुवायची. ‘बोल ना.’ ती भांडी लावायची. ‘काहीतरी बोल.’ मग एकदा वैतागून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि माइकसमोर बोलते तशी सुरू झाली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सगळं वेळापत्रक, सकाळच्या पहिल्या गाडीपासून. त्याचे खांदे हलायला लागले, मग पलंग हलायला लागला. त्यानंतर तसाच पायंडा पडला. त्याने ‘बोल’ म्हणायचं आणि तिने गाड्या सोडायच्या. नसलेल्या गाड्याही सोडायची ती. शेजारणीच्या नवऱ्याची वरात नेणारी विशेष गाडी, घरमालकाला कायमची घेऊन जाणारी जलद गाडी.

आता गठ्ठा समोर घेऊन ती काचेच्या खोलीत बसली होती, आणि दोन घोषणांच्या मधल्या वेळात पेन्सिल घेऊन त्या पांढऱ्या जागेत आपली उत्तरं लिहू बघत होती. कल्पना मुलाची. “आई, तू आठवून लिही, मी टाइप करून मधे घालतो. पूर्ण होईल सगळं.” बापाला जाऊन वर्ष भरेल तेव्हा नातेवाइकांना वाटायला त्याला एक पुस्तिका करायची होती. त्याने तिच्या फोनवरून घेतलेल्या सलग फाइलमधून वेचून काढलेल्या ओळी तिला दाखवल्या होत्या: ‘दमलीस का’, ‘तू झोप मी बघतो’, ‘आज छान दिसतेस’. मागे फिकट निळं आकाश, कोपऱ्यात बापाचा फोटो. ‘मूर्ख बाई’ गाळलं होतं, ‘तुझ्या भावाला सांग इथे येऊ नको’ गाळलं होतं. आवराआवर केलेली खोली असावी तसा बाप दिसत होता. ‘मीठ नाही’समोर तिने लिहिलं, ‘डॉक्टरांनी नको सांगितलं आहे ना.’ लिहून वाचलं. असं ती बोललीच नव्हती. ती म्हणाली होती, ‘नाहीच मुळी, गिळा गपगुमान.’ खोडलं. तेही लिहून बघितलं, तर कागदावर ते फारच वाईट दिसलं, म्हणताना तसं नव्हतं. म्हणताना तिचा हात त्याच्या मानेवर होता. पुन्हा खोडलं. शिट्टी वाजली, तिने एक गाडी सोडली, परत बसली. आणि मग हळूच, पंख्याच्या कुरकुरीसारखं, डोक्यात सुरू झालं: बयो, प्रत्येकाला उत्तर दिलं होतंस का खरंच? एवढी पानं आहेत. एखाद दिवशी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असशील, एखाद दिवशी फोन पर्समध्येच राहिला असेल. आठवणीला काय, ती आपल्या सोयीने बोलते. तिचे कान तापले. बरं, मग? समजा नाही दिलं उत्तर. कुठल्या घरात प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळतं? बोलणाऱ्या नवऱ्यांना मिळतं का? तिने पेन्सिल टेबलावर आपटली, टोक मोडलं, आणि रबर घेऊन लिहिलेलं सगळं घासून काढलं. कागद तिथे जरा काळवंडला, तेवढाच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी नणंद आली. नवऱ्याची थोरली बहीण. त्याला तिने अंगाखांद्यावर वाढवलेलं, बापू म्हणायची. मुलगा तिला गाडीतून घेऊन आला आणि आल्यापासून त्याचं तोंड उतरलेलं होतं. नणंदेने पाणीसुद्धा घेतलं नाही. पर्समधून चार घड्या घातलेले कागद काढले. मुलाने तिला ती सलग फाइल पाठवली होती, पुस्तिकेसाठी ओळी निवड म्हणून, आणि तिने ती अख्खी छापून अख्खी वाचली होती.

“मला एवढंच सांग,” नणंद म्हणाली, “माझ्या भावाने तुझं काय वाईट केलं होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! बोल. बोल ना. काहीतरी बोल. पानापानावर आहे हे. माणूस मुका झाला तो झाला, वर तुझ्यापुढे हात जोडत होता बोल म्हणून. आणि तू एका शब्दाने... नाही, चुकले, एक शब्द आहे. ‘बरं’!” तिचा आवाज चिरकला. “दगडालासुद्धा पाझर फुटला असता गं.”

“आत्या, मी सांगितलं ना तुला, आई तोंडाने बोलायची...” मुलगा म्हणाला.

“तू होतास का इथे? तू नोकरीवर तिकडे. आणि मी इतक्या वेळा आले, ही आपली स्वयंपाकघरात.”

अनाउन्सरबाईला आधी हसूच आलं, आणि ते तिने दाबलं नाही म्हणून नणंद आणखी भडकली. मग तिला राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती. ही सांगत फिरणार. खोटं म्हणूनही नाही, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून सांगत फिरणार, आणि तिच्या हातात कागद असणार. लग्न झाल्यापासून ज्या माणसाशी ती बोलत, भांडत, कुजबुजत आली, त्या माणसाला तिने शेवटी उपाशी ठेवावं तसं बोलण्यावाचून ठेवलं, असं आता छापील झालं होतं. आणि तिच्याजवळ पुरावा काय होता? हवा. बोलायच्या वेळी तोंडातून गेलेली हवा. शपथ घ्यावी असं तिला क्षणभर वाटलं. शेजारणीला हाक मारावी, ती सांगेल भिंतीपलीकडून काय काय ऐकलं ते. मग तिला स्वतःचाच संताप आला. नवऱ्याशी बोलत होते याला साक्षीदार आणू? ती उठली, कपाटातून तो जाड गठ्ठा काढला, धप्पकन टेबलावर टाकला.

“ताई, तुमचे ते कागद ठेवा बाजूला. हे घ्या. आणि मोठ्याने वाचा.”

“मी काय वाचू? सगळं वाचून झालंय माझं.”

“तुम्ही त्यांचं वाचा. माझं मी म्हणते.”

नणंद मुलाकडे बघायला लागली. मुलगा जमिनीकडे. शेवटी तिने चष्मा नाकावर ढकलला आणि वरचं पान उचललं. “‘मीठ नाही,’” तिने रुक्षपणे वाचलं.

“नाहीच मुळी. गिळा गपगुमान.”

नणंदेने मान वर केली. “असं म्हणालीस?”

“असंच. पुढे.”

“‘खिडकी लाव.’”

“तुम्ही लावा. घसा कापलाय, पाय नाही कापलेत.”

“अगं बाई!” नणंदेचा हात तोंडावर गेला. “आजारी माणसाला?”

“उठले आणि लावली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा स्वतःहून उठले ते त्या खिडकीसाठी. पुढे वाचा.”

“‘मूर्ख बाई.’”

“म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं.”

मुलाच्या तोंडून फसकन हसू सुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. नणंद वाचत गेली. आधी ती खटला चालवल्यासारखं वाचत होती, मग हळूहळू तिच्या वाचण्यात भावाचा हेल यायला लागला, शब्द तोडून शेवटी खाली टाकायचा. तो हेल ऐकून अनाउन्सरबाईच्या अंगावर काटा आला, पण ती थांबली नाही. काही ठिकाणी ती सरळ म्हणाली, “हे आठवत नाही.” एका ठिकाणी म्हणाली, “इथे मी बोलले नव्हते. दोन दिवस बोलले नव्हते. माझ्या भावाला हे घराबाहेर काढायला निघाले होते, कशाला बोलू?” नणंद “बरोबर आहे” म्हणून गेली आणि मग आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन ओशाळली. मग आलं ते पान. “‘बोल,’” नणंदेने वाचलं, आणि खालचं, “‘बोल ना.’” आता तिच्या आवाजात आरोप नव्हता, तरी ती अनाउन्सरबाईकडे रोखून बघत होती. आणि अनाउन्सरबाई उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली, कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!” भांडी थरथरली. समोरच्या गॅलरीत कोणीतरी डोकावलं. तिने सकाळच्या गाडीपासून धरलं ते सोडलंच नाही, फलाट, मार्ग, थांबे, उशिराच्या गाड्या, रद्द झालेल्या, आणि शेवटी, घरमालकाला घेऊन जाणारी जलद गाडी फलाटावर उभी आहे, ती परत येणार नाही याची नोंद घ्यावी. गाल ओले झालेले तिला कळले, पुसायला ती थांबली नाही. ऐका म्हणावं सगळे. गल्लीने ऐकावं. हे कुठल्या फाइलमध्ये येतंय बघू.

नणंद घास अडकल्यासारखी तोंड उघडं ठेवून बसली होती. “हे... रोज?” तिने विचारलं.

“रोज संध्याकाळी.”

राहिलेली पानं नणंदेने मांडीवर घेतली आणि एकेक वाचत राहिली, आणि अनाउन्सरबाई दारातूनच उत्तरं देत राहिली. उन्हं भिंतीवरून उतरली. गठ्ठा संपत आला तसे मेसेज आखूड होत गेले, मग दवाखान्यातले आले, मग एकेका शब्दाचे. शेवटच्या पानावर वरच्या बाजूला एकच चौकट होती आणि बाकी सगळा कागद मोकळा.

“‘आहेस ना,’” नणंदेने वाचलं.

अनाउन्सरबाई गप्प राहिली. नणंदेला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा वाचलं, सावकाश. अनाउन्सरबाईला ती दवाखान्यातली खोली दिसत होती, पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेलं लोखंडी स्टूल, चादरीतून बाहेर आलेली पावलं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि फोन छातीवर होता, बोट आपोआप शोधत होतं. तिच्या पर्समध्ये फोन वाजला होता. तिने काढून वाचला होता. आणि तिच्या तोंडातून, दिवसभर अख्ख्या स्थानकाला ऐकू जाणाऱ्या तोंडातून, काही म्हणजे काही आलं नव्हतं.

“याला काही बोलले नाही मी,” ती म्हणाली.

मुलाने पेन्सिल उचलली होती. त्याचे डोळे लाल झाले होते. “आई, इथे ‘आहे’ एवढं लिहू या ना. तू होतीसच तिथे. एकच शब्द. पुस्तिकेचा शेवट...”

“लिहायचं नाही.”

“पण लोकांना वाटेल...”

“वाटू दे.” तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. “आलं ते सगळं छापायचं असेल तर छाप. मूर्ख बाईसकट, माझ्या भावासकट, आणि हे पान असं. नाहीतर काही छापू नकोस. माझ्या तोंडात नसलेला शब्द माझ्या बाजूला घालायचा नाही.”

“अगं, पण का नाही बोललीस?” नणंदेने विचारलं. आता त्यात नुसती विचारणा होती, बहिणीची.

“त्यांची पावलं धरली होती दोन्ही हातांत,” ती म्हणाली. “गार पडत होती, चोळत होते. चोळता चोळता बोलायचं राहिलं. त्यांना कळलं असेल, नसेल, मला ठाऊक नाही. आणि तुम्हाला पटो न पटो ताई, हे मी कुणाला पटवून देणार नाही.”